आधी जिभेवर, मग वहीत : म्हणायला गोड वाटणारे इंग्रजी शब्द कसे जमवावेत

सोलापुरात इंग्रजी शब्द शिकवायचा म्हणजे आधी त्याचे स्पेलिंग पाठ करून घ्यायचे आणि मग समोर मराठी अर्थ लिहून द्यायचा, ही पद्धत माझ्या शाळेच्या दिवसांपासून आजपर्यंत चालत आली आहे. तिने परीक्षेत गुण मिळतात, हे खरे. परंतु 'लुसलुशीत', 'झुळझुळ' किंवा 'खमंग' म्हणताना आपल्या जिभेला जो आनंद सहज मिळतो, तो इंग्रजीच्या बाबतीत वाट्याला येत नाही, कारण शब्दाचा आवाज हा त्या शिकवण्यातला विषयच नसतो. गेली काही वर्षे दर रविवारी संध्याकाळी शहराच्या पूर्व भागातील आमच्या गच्चीवर दहा-बारा मुले जमतात. कोणाच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाच्या कन्नड, कोणाच्या मराठी, तर कोणाच्या उर्दू. त्यांच्यासोबत मी इंग्रजी शब्द केवळ म्हणण्याच्या आनंदासाठी जमवत आले आहे. ती पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे, म्हणजे कोणत्याही घरी पालकांना किंवा मोठ्या भावंडांना ती वापरता येईल.

साहित्य अगदी थोडे लागते. एक वही, हातात मावेल असा आरसा, वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी आणि अर्धा तास एवढे पुरे. उच्चार ऐकवणारा शब्दकोश मोबाइलवर असेल तर उत्तम. मात्र तो मुलांच्या हातात देऊ नये, आपण जवळ ठेवावा आणि शंका आली तरच उघडावा.

शब्द निवडताना तो उपयोगी आहे की नाही, हा विचार बाजूला ठेवावा. माझी कसोटी साधी आहे. शब्द सलग तीनदा म्हणावा. चौथ्यांदा म्हणण्याची इच्छा आपोआप झाली तर तो वहीत जाण्याच्या लायकीचा. सुरुवात ओठांवर खेळणाऱ्या शब्दांनी करावी, कारण त्यांत चुकण्याची भीती कमी असते: 'बबल', 'मम्बल', 'पम्पकिन', 'हबब'. आमच्याकडे पहिला शब्द नेहमी 'बॉबिन', म्हणजे सूत गुंडाळायची रीळ, हा असतो. यंत्रमागाच्या घरातले प्रत्येक मूल हा शब्द आईच्या दुधाबरोबर शिकलेले असते, पण तो इंग्रजी आहे याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. आरसा धरून 'बॉबिन' म्हणायला सांगितले की ओठ दोनदा मिटतात, दोनदा फुटतात आणि जीभ वरच्या दातांमागे जाऊन थांबते, हे मूल स्वतः पाहते. ज्या भाषेची धास्ती वाटत होती तिचा एक शब्द आपल्या तोंडात आधीपासून मुक्कामाला आहे, हे कळल्यावर पुढचे काम बरेच हलके होते.

अर्थाच्या आधी आवाज ऐकण्याची ही दृष्टी काही माझ्या एकटीची नव्हे. भाषाशास्त्राचे प्राध्यापक आणि कथाकार टोल्किन यांनी १९५५ साली ऑक्सफर्डमधील एका व्याख्यानात 'सेलर डोअर' या दोन शब्दांचे उदाहरण दिले होते. या शब्दांचा अर्थ फक्त तळघराचे दार एवढाच आहे. पण अर्थ आणि स्पेलिंग दोन्ही विसरून नुसते ऐकले तर ते सुंदर वाटतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला येथे एक सोयच आहे. सोलापुरातल्या बहुतेक मुलांना या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो, त्यामुळे तो विसरण्याचे कष्ट पडत नाहीत. शब्द प्रथम नुसता ऐकवावा आणि 'हे काय असेल?' असे विचारावे. एका मुलीने ते नदीचे नाव असावे असे सांगितले होते, आणि त्या आवाजाला शोभेल असेच ते उत्तर होते.

यानंतर तोंडाच्या हालचालींकडे वळावे, आणि येथे मात्र घाई करू नये. कागदाची पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरून आधी 'पाटी' म्हणावे. पट्टी जवळजवळ हलत नाही. मग 'फळ' हा शब्द ओठ पूर्ण मिटून म्हणावा; पट्टी चांगलीच उडते. इंग्रजी बोलणाऱ्यांचा शब्दारंभीचा 'प' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. 'पेपर' हा शब्द त्यांच्यासारखा म्हटला तर पहिल्या 'प'ला पट्टी फडफडते आणि दुसऱ्याला ती जेमतेम हलते. एकाच शब्दात एकाच अक्षराचे दोन वेगळे आवाज असतात, ही गोष्ट मुलांना पट्टीशिवाय पटत नाही. 'पॉप', 'टिकल', 'कॅकल' हे शब्द याच पट्टीवर घासून पाहावेत.

आपला 'व' इंग्रजीतल्या दोन आवाजांचे काम एकट्याने करतो, म्हणून ते दोन वेगळे करून दाखवणे गरजेचे आहे. 'व्हेल्व्हेट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवायचे आणि आवाज गुणगुणत सोडायचा. मखमलीवरून हात फिरवावा तसा तो शब्द लागतो. 'वॉबल' म्हणताना मात्र दातांना सुट्टी द्यायची, ओठांचा 'उ'सारखा चंबू करायचा आणि तेथून पुढच्या स्वरावर उडी घ्यायची. दोन्ही जमले की 'वेव्हर' हा शब्द द्यावा, कारण त्यात हे दोन्ही आवाज एकापाठोपाठ येतात. आरशात ओठांची जागा बदलताना दिसली तरच तो बरोबर झाला असे समजावे.

'बम्बूझल', 'ड्रिझल', 'फिझ' यांतील शेवटचा घासता आवाज मराठी माणसाला फारसा अवघड नाही. 'जाळे' या शब्दातला 'ज' म्हणताना जीभ क्षणभर टेकते आणि मग घासते. ती न टेकवता नुसती घासत ठेवली की काम झाले. गळ्यावर दोन बोटे ठेवून आधी लांब 'स्स्स' म्हणावे आणि मग त्याच जागेवरून हा आवाज काढावा. बोटांना लागणारा कंप हीच खूण. 'थिंबल' आणि 'थिसल' यांतला 'थ' मात्र आपल्या 'थाळी'तला नव्हे. जिभेचे टोक दातांमध्ये किंचित बाहेर काढून वारा वाहू द्यायचा असतो. शिलाई करणाऱ्या घरांत अंगुस्तान असतेच. ते बोटात घालून 'थिंबल' म्हणायला लावावे.

'बबल', 'वॉबल', 'बम्बूझल' यांच्या शेवटच्या 'ल'बद्दल एक सांगायला हवे. आपण तेथे नकळत आधी एक पूर्ण 'अ' घालतो. इंग्रजीत तो 'ल' स्वतःच अक्षराचा भार उचलतो. जीभ वर चिकटून राहते आणि आवाज तिच्या दोन्ही बाजूंनी वाहतो. हे एकदा साधले की शब्दाला जो गुळगुळीत शेवट येतो, त्यासाठी मुले तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात.

आता ठेक्याकडे यावे. माझ्या मते इंग्रजी शब्दाची अर्धी गंमत येथेच आहे आणि शिकवताना नेमकी हीच जागा कोरी राहते. मराठीत आपण शब्दातील अक्षरांना साधारण सारखे वजन देतो. इंग्रजी शब्दात एक अक्षर जोराने उभे राहते आणि बाकीची त्याच्या भोवती दबून बसतात. 'बनाना' या शब्दात मधला 'ना' तेवढा स्पष्ट, पहिला 'ब' आणि शेवटचा 'ना' अगदी पुसट. जमिनीवर बसून जोराच्या अक्षराला तळहात आणि बाकीच्यांना एक बोट अशी थाप देत शब्द म्हणावेत. 'फ्लॅबरगॅस्टेड', म्हणजे आश्चर्याने थक्क झालेला, याची जोरकस थाप पहिल्याच अक्षरावर पडते. 'कफफल', म्हणजे उगाच माजलेली गडबड, हा स्कॉटलंडच्या बोलीतून आलेला शब्द मधल्या 'फ'वर उभा असतो. 'डिस्कम्बॉब्युलेट', म्हणजे गोंधळून टाकणे, हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लॅटिनचा थाट आणून घडवलेला शब्द. त्याची पाच अक्षरे आणि तळहात तिसऱ्या 'बॉब'वर.

'हलबलू' या शब्दाची जोराची थाप अगदी शेवटी, 'लू'वर पडते. पहिल्यांदा तो शिकवला तेव्हा आमच्यातला एक मुलगा, ज्याचे वडील कारखान्यात माग चालवतात, थाप देता देता थांबला आणि म्हणाला, "ताई, लूम असंच करतो." मग त्याने फरशीवर तीन हलक्या आणि एक जड अशी थाप धरली, बाकीच्यांनी त्यावर शब्द म्हणायला सुरुवात केली, आणि खालच्या गल्लीतल्या मागाचा आवाज त्यात मिसळून गेला. त्या दिवसापासून मी प्रत्येक नवा शब्द आधी त्याच्याकडून वाजवून घेते. या शब्दाचा अर्थ मी सांगितलाच नव्हता. संक्रांतीच्या गड्डा यात्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा एवढेच म्हटले, आणि मुलांनी 'हलकल्लोळ' हा शब्द स्वतःच पुढे केला. दोन्ही शब्दांचे कूळ एक नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे; पण गोंगाटासाठी दोन दूरच्या भाषांनी 'ह' आणि 'ल' यांनाच हाताशी धरावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शालेय व्याकरणातला अभ्यस्त, म्हणजे ध्वनींची पुनरावृत्ती असलेल्या, शब्दांचा धडा या कामी फार उपयोगी पडतो. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक हे तिन्ही प्रकार इंग्रजीतही सापडतात. 'हश-हश' पहिल्यातला, 'हेल्टर-स्केल्टर', 'हर्ली-बर्ली', 'विली-निली' दुसऱ्यातले, 'बझ', 'हिस', 'स्प्लॅश' तिसऱ्यातले. इंग्रजी जोडशब्दांत स्वर बदलतो तेव्हा त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी 'इ', मग 'ॲ' किंवा 'ऑ'. म्हणून 'झिगझॅग', 'टिक-टॉक', 'डिंग-डाँग', 'फ्लिप-फ्लॉप', 'क्रिस-क्रॉस'. मुलांना हे शब्द उलटे करून म्हणायला सांगावे; 'झॅगझिग' म्हणताच सगळ्यांचे तोंड वाकडे होते आणि नियम न सांगता कळतो.

याच ठिकाणी आपापल्या घरातले जोडशब्द मागवावेत. मराठी घरातले मूल 'भाकरीबिकरी' म्हणते, कन्नड घरातले 'ऊट-गीट' म्हणते, आणि तेलुगू घरातही दुसऱ्या भागाला 'गि'च लागतो. आपण 'बि' लावतो आणि शेजारचे 'गि' लावतात, हे एका गल्लीत राहूनही मुलांच्या ध्यानात आलेले नसते. मग त्यांना अमेरिकेतला 'फॅन्सी-श्मॅन्सी' सांगावा: यिद्दिश बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या तोंडून इंग्रजीत आलेली ही 'श्म' लावण्याची सवय म्हणजे आपल्या 'बि'चीच दूरदेशीची बहीण.

वस्तू हातात घेऊन शब्द म्हणण्याचा एक प्रयोग प्रत्येक घरी करता येतो, आणि सोलापुरात तर त्यासाठी खास साधन आहे. कडक भाकरी घ्यावी. ती मोडताना कान जवळ नेऊन 'क्रॅक' म्हणावे, शेंगाचटणीबरोबर चावताना 'क्रंच', हातात चुरताना 'क्रम्बल', आणि ताटात उरलेल्या कणाला 'क्रम'. या शेवटच्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'ब' असतो, पण तो उच्चारात येत नाही. चारही शब्द 'क्र'ने का सुरू होतात, हा प्रश्न मुलांनीच विचारावा यासाठी थोडे थांबावे. तसेच नाकाचे पाहावे: 'स्निफ', 'स्नीझ', 'स्नोअर', 'स्नॉर्ट', 'स्नाउट' या सर्वांत 'स्न' आहे. चमकण्याचे शब्द 'ग्ल'ने सुरू होतात: 'ग्लिटर', 'ग्लिमर', 'ग्लीम', 'ग्लो'. अशा अर्थसूचक ध्वनिगुच्छांना ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० साली 'फोनेस्थीम' हे नाव दिले. मुलांना ते नाव पाठ करायला लावू नये. भाकरी पुरेशी आहे.

आपल्याच घरातून इंग्रजीत गेलेले शब्द हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. 'मॉन्गूस' हा शब्द फळ्यावर न लिहिता फक्त उच्चारावा. मराठी मुले 'मुंगूस' म्हणून ओरडतात, कन्नड बोलणारी 'मुंगुसी' म्हणतात, तेलुगू बोलणारी 'मुंगिस' म्हणतात, आणि प्रत्येकाला तो शब्द आपलाच वाटतो. इंग्रजी शब्दकोश त्याचे मूळ मराठी देतात. त्याच्या मध्यातला 'ङ्ग' आणि नंतरचा लांब 'गूस' म्हणताना जीभ मागून पुढे येते, म्हणून तो म्हणायलाही मोठा रसाळ आहे. त्याचे अनेकवचन 'मॉन्गूसेस' होते, 'मॉन्गीस' होत नाही, कारण बदकाच्या जातीच्या 'गूस' या पक्ष्याशी त्याचे काही नाते नाही.

'बँडिकूट' म्हणजे आपली घूस. हा शब्द तेलुगूतील 'पंदिकोक्कु' म्हणजे 'डुकरासारखा उंदीर' यावरून आला, आणि पुढे इंग्रजांनी तो ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच पिशवीधारी प्राण्याला देऊन टाकला. हे सांगितले तेव्हा आमच्यातली एक तेलुगू बोलणारी मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, तिने आजी परसात हाच शब्द कसा म्हणते ते सर्वांना तीनदा म्हणून दाखवले. त्या दिवशी इंग्रजीचा बरोबर उच्चार शिकवणारी तीच होती.

कापडाच्या गावात कापडाचे शब्द तर जमवायलाच हवेत. 'सीरसकर' हे चुणीदार पट्ट्यांचे सुती कापड. नाव फारसीतल्या 'शीर-ओ-शकर'वरून, म्हणजे दूध आणि साखर: एक पट्टी दुधासारखी गुळगुळीत, दुसरी साखरेसारखी खरबरीत. कापडाच्या तुकड्यावरून बोट फिरवत हा शब्द म्हटला तर त्यातले दोन 'स' बोटाला जाणवतात. 'डंगरीज' हे मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून आले, 'गनी' हे आपल्या गोणीवरून, आणि 'कमरबंड' कशावरून हे सांगण्याचीही गरज नाही.

आता वही. शब्द प्रथम देवनागरीत लिहावा, जसा ऐकला तसा. 'ॲ' आणि 'ऑ' यांच्यामुळे आपली लिपी येथे चांगली साथ देते. जोराच्या अक्षराखाली रेघ ओढावी. त्याखाली तो म्हणताना काय आठवले ते एका ओळीत लिहावे, मग अर्थ, आणि स्पेलिंग सर्वांत शेवटी. हा क्रम मी आग्रहाने पाळते, त्याला कारण आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी वर्गात उतारा वाचताना मी 'कर्नल' हा शब्द स्पेलिंगप्रमाणे 'कोलोनेल' असा वाचला. वर्ग हसला, शिकवणारेही हसले, आणि त्यानंतर तीन वर्षे मी इंग्रजी मोठ्याने वाचले नाही. पुष्कळ काळाने समजले की या शब्दात दोन भाषा अडकलेल्या आहेत. इटालियनमधले 'ल'चे रूप स्पेलिंगमध्ये राहिले आणि फ्रेंचमधून आलेला 'र' उच्चारात राहिला. चूक वाचणाऱ्या मुलीची नव्हती. शब्दाचा तो प्रवास कोणी दोन मिनिटे सांगितला असता, तर तोच शब्द माझ्या आवडीचा झाला असता. म्हणून कोणाचाही उच्चार चुकला तर हसू नये आणि लगेच दुरुस्तही करू नये. आपण तो शब्द बरोबर म्हणून पुढे जावे, दोन फेऱ्यांत मूल स्वतःच सावरते.

लांब आणि गोष्टीसह येणारे शब्द महिन्यातून एक-दोनच घ्यावेत. 'सेरेन्डिपिटी', म्हणजे न शोधता चांगली गोष्ट हाती लागणे, हा शब्द इंग्रज लेखक होरेस वॉल्पोल यांनी २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या पत्रात घडवला. सेरेन्डिप हे श्रीलंकेचे जुने नाव, आणि त्यामागे आपले सिंहलद्वीप आहे. थाप 'डिप'वर. 'गॉबल्डिगूक' हा शब्द १९४४ साली अमेरिकेतले राजकारणी मॉरी मॅव्हरिक यांनी सरकारी कागदांतल्या अगम्य भाषेला वैतागून काढला, टर्की पक्ष्याच्या ओरडण्यावरून. तो मोठ्या मुलांना अवश्य द्यावा आणि सोबत हेही सांगावे की अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात आपले हे गोड शब्द घुसवायचे नसतात. तेथे साधा शब्दच शोभतो. 'ऑनोमॅटोपिआ' हा ग्रीकमधला शब्द, ध्वनीवरून नाव घडवणे या अर्थाचा, सहा अक्षरांचा आणि 'पी'वर जोराचा, मी वर्षाच्या शेवटी देते, कारण तोपर्यंत मुलांनी ती गोष्ट शंभरदा केलेली असते आणि फक्त नाव देणे उरलेले असते.

एका बैठकीत पाचांपेक्षा जास्त शब्द घेऊ नयेत, आणि शेवटची पाच मिनिटे मऊ शब्दांसाठी राखून ठेवावीत: 'मर्मर', 'मेलो', 'विलो', 'ललबाय', 'व्हिस्पर'. हे शब्द हळू आवाजात, डोळे मिटून म्हणावेत. 'व्हिस्पर' म्हणताना ओठांचा चंबू विसरू नये; मराठी लिपीत तो 'व्ह' लिहितात म्हणून दात मध्ये येऊ पाहतात, त्यांना थोपवावे. मग प्रत्येकाने त्या दिवशीचा एक शब्द निवडून घरी न्यावा आणि झोपण्यापूर्वी घरातल्या कोणा एकाला, शक्यतो इंग्रजी न येणाऱ्या मोठ्या माणसाला, तीनदा म्हणायला लावावा. पुढच्या रविवारी आजीने तो कसा म्हटला, हे ऐकूनच बैठक सुरू करावी.